रेघ ओढण्याआधी गल्लीत या
(जुन्या इंदुरात रस्ते आखणाऱ्या अभियंत्यांना, नगररचनाकारांना आणि लोकप्रतिनिधींना खुले पत्र)

सप्रेम नमस्कार.

या पत्राची हिंदी प्रत तुमच्या टेबलावर ठेवून आले आहे. मराठीत पुन्हा लिहिते आहे ते अशासाठी की राजवाड्याच्या आसपास ज्या घरांच्या भिंतींवर नपतीची, म्हणजे रुंदीकरणाच्या मोजणीची, लाल निशाणे लागली, लागताहेत आणि पुढेही लागणार आहेत, त्यांतली कितीतरी घरे आमच्या मराठी माणसांची आहेत किंवा होती. ती माणसे आता सुदामानगरात, लोकमान्यनगरात, पुण्यात विखुरली आहेत. रजिस्ट्रीवर मात्र अजून पाच-पाच भावांची नावे आहेत. रस्त्याच्या कामात त्यांचे मतही लागणार आहे, म्हणून त्यांनीही हे वाचावे.

पहिल्यांदा एक स्पष्ट सांगते, मी रस्त्याच्या विरोधात नाही. माझ्या वडिलांना छातीत दुखू लागले तेव्हा अँब्युलन्स आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंतसुद्धा येऊ शकली नव्हती. दोन भाऊ आणि शेजारचे दोघे यांनी त्यांना लाकडी खुर्चीत बसवून, भरबाजारातून वाट काढत मोठ्या रस्त्यापर्यंत नेले. त्या दिवशी रुंद रस्ता असता तर काय झाले असते, हा विचार आमच्या घरात आजही कुणी मोठ्याने बोलत नाही. जुन्या शहरात आत शिरायला वाट हवी, आगीचा बंब आत यायला हवा, पडायला आलेली घरे नव्याने बांधली जायला हवीत, हे मला कुणी पटवून द्यायची गरज नाही. मला बोलायचे आहे ते रस्ता आखण्याच्या पद्धतीबद्दल.

मी चौतीस वर्षे एका वास्तुविशारदाच्या कार्यालयात नकाशे काढले. संगणक येण्याआधीची अर्धी नोकरी ट्रेसिंग पेपर, रॉट्रिंगचे पेन आणि अमोनिया प्रिंटच्या वासात गेली. त्यामुळे एक गोष्ट हाताला माहीत आहे. शहराच्या आराखड्याचा नकाशा एकास दोन हजार या मापाचा असेल आणि हातात ०.५ चे पेन असेल, तर त्या रेघेची नुसती जाडी जमिनीवर एक मीटर भरते. एक मीटर म्हणजे आमच्याकडचा ओटला. संध्याकाळी आजी जिथे बसायची, भाजीवाली टोपली टेकवायची, शाळेतून आलेली पोरे दप्तर टाकायची, ती जागा त्या नकाशावर रेघेच्या आत असते. रेघ ओढणाऱ्याला ती दिसतच नाही. यात त्याचा दोष नाही, नकाशाच्या मापाचा आहे. पण हे माप ज्याला माहीत आहे त्याने तरी पुढचे पाऊल जपून टाकावे.

आमचे माहेरचे घर जुन्या शहरातल्या एका रुंदीकरणात कापले गेले. कोणत्या रस्त्यासाठी आणि कुणाच्या काळात, ते इथे सांगत नाही, कारण हे पत्र तक्रारीचे नाही. घर दर्शनी बाजूला तेरा फूट रुंद आणि मागे बासष्ट फूट खोल. पुढे ओटला, मग ओसरी, ओसरीतच एका बाजूला जिना, मग चौक, माजघर, मागे स्वयंपाकघर आणि न्हाणी. जुन्या बाजारातली घरे बहुतेक अशीच, आगगाडीच्या डब्यासारखी. त्यातले पुढचे अकरा फूट गेले. कागदावर हिशेब सोपा होता. बासष्टातून अकरा गेले, एक्कावन्न उरले, म्हणजे घराचा पाचवा हिस्सासुद्धा गेला नाही. पण त्या अकरा फुटांत जिना होता.

जिना गेला आणि वरचा मजला हवेत राहिला. तिथे काका-काकू राहत होते. मागच्या बाजूने जिना काढायचा तर चौक बुजवावा लागला असता, आणि सबंध घराचा उजेड-वारा त्या एका चौकावर होता. शेवटी पुढून लोखंडी शिडी लावली. काकू अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. त्या शिडीवरून एकदाच उतरल्या, मुलाकडे भोपाळला जायला. ओसरीत चाळीस वर्षांपासून एक शिंपी भाड्याने बसायचे. आमच्या तीन पिढ्यांचे कपडे त्यांनी शिवले. मोबदल्याची यादी झाली तेव्हा त्यात घरमालकांची नावे होती. शिंपीकाकांचे नाव कुठल्याच कागदावर नव्हते. शिलाई मशीन हातगाडीवर टाकून ते निघाले, तेव्हा माझा भाऊ त्यांच्या डोळ्याला डोळा देऊ शकला नाही.

आता मुख्य मुद्द्यावर येते. तुमचे आराखडे रस्त्याची रुंदी ठरवतात. माझी विनंती आहे की रुंदी ठरवण्याआधी दोन्ही बाजूंच्या घरांची खोली मोजा. पहिल्या ओळीचे घर, त्याच्यामागचे दुसऱ्या ओळीचे घर आणि त्या दोघांमधली बोळ, एवढा सगळा पट्टा म्हणजे तुमचा प्रकल्प. फक्त दोन रेघांमधली जागा म्हणजे प्रकल्प नाही. रस्त्यामुळे पुनर्विकास होईल असे प्रत्येक सादरीकरणात म्हटले जाते. तो रस्त्यावर होत नाही, या पट्ट्यात होतो किंवा होत नाही.

होत नाही तेव्हा काय दिसते, ते कुठल्याही रुंद केलेल्या जुन्या रस्त्यावरून सावकाश चालत गेले की कळते. कापलेल्या घराच्या पोटातल्या खोल्या उघड्या पडलेल्या असतात. कुणाच्या देवघराचा निळा रंग, कुणाच्या भिंतीतला कोनाडा भर रस्त्यावर दिसतो. मग पैसे जमतील तसा कुणी पत्रा ठोकतो, कुणी पुढे शटर लावतो, वर काचेचा पडदा आणि त्यामागे मालाचे गोदाम. ज्याची जागा अडीचशे-तीनशे चौरस फूट उरली, त्याने नियमाप्रमाणे नक्शा पास करून घ्यायचा तर मोकळी जागा सोडायची, जिना सोडायचा, गाडी लावायला जागा दाखवायची. उरते काय? म्हणून तो नक्शा पास करायला जातच नाही. नवा रस्ता त्याला जे द्यायला निघाला होता, ते घ्यायला त्याच्याकडे हातच उरत नाहीत.

यावर उपाय नाहीत असे नाही. दोन-तीन शेजाऱ्यांनी उरलेल्या जागा एकत्र करून एकच इमारत बांधायची, एक जिना, एक लिफ्ट, तळाशी जुनी दुकाने, वर जुनी बिऱ्हाडे. एकट्याच्या तेरा फुटांत जे अशक्य आहे ते एकोणचाळीस फुटांत सहज बसते, हे मी पाटीवर काढून दाखवू शकते. पण शेजारी आपण होऊन एकत्र येत नाहीत. भाऊबंदकी असते, जुने भांडण असते, कुणाचा वाटा बँकेकडे गहाण असतो. त्यांना समोरासमोर बसवणारा माणूस लागतो, आणि तो घर तोडण्याच्या नोटिशीबरोबर येऊन चालत नाही, दोन वर्षे आधी यावा लागतो. शेजारच्या गुजरातेत टी.पी. स्कीममध्ये, म्हणजे नगररचना योजनेत, जमिनीचे तुकडे एकत्र करून, रस्त्यासाठी सगळ्यांकडून थोडे थोडे घेऊन, उरलेले नव्या आकारात परत देतात. ती पद्धत मोकळ्या जमिनीवर सोपी, भरलेल्या वस्तीत फार कठीण, हे मला ठाऊक आहे. तत्त्व मात्र घेण्यासारखे आहे: रस्त्याचा भार फक्त पुढच्या ओळीने का उचलावा? मागच्या ओळीतले घर एका रात्रीत रस्त्यावरचे घर होते आणि त्याची किंमत वाढते. पुढच्याचे पोट कापले जाते. ही तफावत मोजणारा रकाना तुमच्या तक्त्यात असला पाहिजे.

टीडीआरबद्दलही, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्काबद्दलही, बोलले पाहिजे. आपल्या मध्य प्रदेशाने २०१८ साली त्याचे नियम केले. जागा दिली की तिच्या बदल्यात बांधकामाचा हक्क, आणि तो दुसरीकडे वापरता येतो किंवा विकता येतो. मोठ्या जागेवाल्याला हे परवडते. ज्याचे दीडशे चौरस फूट गेले त्याने तो कागद घेऊन कुठल्या बिल्डरच्या दारात जायचे? अशा लहान लहान हक्कांची एकत्र मोट बांधून ते विकून देणारी खिडकी नसेल, तर त्याच्यासाठी तो कागद तिजोरीतला एक कागदच राहतो. लहान मालकाला रोख मोबदल्याचा पर्याय खुला ठेवा, आणि भाडेकरूचे नाव पहिल्या पाहणीतच लिहून घ्या. रजिस्ट्री बघून केलेली पाहणी अर्ध्या बाजाराला आंधळी असते.

आपल्या शहरात हे सगळे शंभर वर्षांपूर्वी एका माणसाने करून दाखवले होते. होळकर दरबाराने पॅट्रिक गेडिस यांना इंदुरात बोलावले आणि १९१८ साली त्यांचा दोन खंडांचा अहवाल आला. मूळचे ते स्कॉटलंडचे, जीवशास्त्राचे अभ्यासक. शहरात प्लेगने माणसे मरत होती. त्या काळात मोठ्या शहरांत प्लेगवरचे औषध एकच समजले जाई, दाट वस्तीतून सरळ रुंद रस्ता फोडायचा. मुंबईत १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रस्ते वस्तीतून काढले. वारा आत आला. पण उठवलेली गरीब माणसे शेजारच्या चाळींत जाऊन कोंबली गेली आणि तिथली गर्दी वाढली. गेडिस यांनी इंदुरात याच्या उलट केले. ते गल्लीगल्ली पायी हिंडले. कुठली एक पडकी भिंत काढली तर बोळ मोकळी होईल, कुठला एक गोठा हलवला तर चौकात उजेड येईल, कुठले झाड ठेवायचेच, हे त्यांनी घर बघून ठरवले. शस्त्रक्रिया करायची, पण कमीत कमी रक्त सांडून, अशी त्यांची रीत होती.

त्यांच्या दिवाळीच्या मिरवणुकीची गोष्ट इंदूरकरांनी विसरू नये असे मला फार वाटते. महाराजांकडून अधिकार मागून घेऊन त्यांनी शहरातून एक मोठी मिरवणूक काढली. तिचा मार्ग आधी जाहीर केला नाही. ज्या रस्त्यांवरची घरे लोकांनी सर्वांत जास्त स्वच्छ आणि दुरुस्त केली असतील, त्या रस्त्यांनी मिरवणूक जाईल, एवढेच सांगितले. लोकांनी घरे झाडली, रंगवली, गाड्यागाड्यांनी कचरा बाहेर काढला. मिरवणुकीत सफाई कामगारांना मानाने चालवले. रावणाच्या जागी घाणीचा राक्षस आणि प्लेगचा उंदीर जाळला. घरोघरी तुळशीची रोपे वाटली. सगळ्या बेताचे मर्म एवढेच होते की मार्ग घरे बघून ठरला. आज आपण आधी मार्ग ठरवतो आणि घरांना त्याप्रमाणे हलायला सांगतो.

याच रस्त्यांवरून आजही रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उधळणारी मिरवणूक, निघते आणि अनंत चतुर्दशीच्या रात्री गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे सजवलेले देखावे, जातात. राजवाडा, खजुरी बाजार, सीतलामाता बाजार हा त्यांचा टापू. गेरेला लाखो माणसे येतात, आणि त्यांतली निम्मी ओटल्यांवर, गच्च्यांवर, जिन्यांवर असतात. रस्त्याचा आराखडा करताना रोजच्या वाहनांची मोजणी होते. वर्षातून दोन दिवस याच जागेत माणसांचा पूर मावतो कसा, हेही कुणी तरी एकदा गच्चीवर उभे राहून पाहावे.

रुंदीच्या हिशेबाचे थोडे. साठ फूट म्हणजे सव्वाअठरा मीटर. दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मीटरचा फुटपाथ धरा, गटार, खांब आणि झाडांसाठी दोन्हीकडे अर्धा-अर्धा मीटर सोडा, तर बारा मीटर उरतात. वाहनांसाठी तीन-तीन मीटरच्या चार पट्ट्या झाल्या. ठीक आहे. आता दोन्ही बाजूंना स्कूटर आडव्या लागल्या की चार मीटर गेले. उरल्या दोन पट्ट्या आणि एक हातगाडी. रुंदीकरणाआधीही तेवढेच होते. घरे कापून मिळवलेली जागा गाड्या उभ्या करायला द्यायची असेल तर ती न कापलेली बरी. गाड्या लावायची जागा आधी, पट्ट्याच्या कडेला, मागच्या पडक्या जागांमध्ये शोधा, मग निशाणे लावा. फुटपाथ किमान १.८ मीटर मोकळा हवा असे भारतीय रस्ते काँग्रेसचे मानक सांगते. मोकळा म्हणजे त्यात विजेची डीपी (पेटी), खांब, दुकानाची पायरी यांतले काही नसलेला. तो मीटरपट्टी लावून तपासा.

त्याहून मोठी गोष्ट, जी मला रात्री झोपू देत नाही, ती उंचीची आहे. सगळे रुंदीवर भांडतात, उंचीकडे कुणी बघत नाही. आमच्या घराच्या उंबऱ्याला पूर्वी तीन पायऱ्या चढून जावे लागे. दर डांबरीकरणाला रस्ता थोडा थोडा वर आला, मग काँक्रीट झाले, आणि आता उंबरा रस्त्यापेक्षा टीचभर खाली आहे. पावसाळ्यात पहिल्या जोराच्या सरीला माजघरात पाणी येते. मागच्या बोळींचे तर विचारू नका. बोळीचा उतार पूर्वी रस्त्याकडे होता. रस्ता उंच झाला आणि उतार उलटा फिरला. त्या पट्ट्यातली पन्नास घरे बशीच्या तळाशी बसली. काँक्रीट ओतायच्या आधी जुना थर खरवडून काढला आणि प्रत्येक बोळीच्या तोंडाची पातळी लेव्हल लावून लिहून ठेवली, तर हे टळते. दोन माणसे आणि एक लेव्हल, पंधरा दिवसांचे काम. रस्त्याच्या खर्चापुढे ते काहीच नाही. आणि जमिनीखालचे सगळे, पाण्याची नळी, मलवाहिनी, पावसाचे गटार, विजेची तार, एकदाच आणि आधी. नवा रस्ता सहा महिन्यांत पुन्हा खोदलेला पाहणे हा लोकांचा विश्वास घालवण्याचा सर्वांत जवळचा मार्ग आहे.

पुढच्या तीस वर्षांचेही बोलावे लागेल. ए.बी. रोडवर निरंजनपूरपासून राजीव गांधी चौकापर्यंतचा साडेअकरा किलोमीटरचा बीआरटीएस, म्हणजे रेलिंग लावून वेगळा केलेला बसमार्ग, २०१३ साली सुरू झाला आणि २०२५ च्या फेब्रुवारीत उच्च न्यायालयाच्या आदेशाने तो काढायचे ठरले. तो योग्य होता की अयोग्य, यात मी पडत नाही. मला त्यातून दिसते ते इतकेच की कॉरिडॉरबद्दलचे शहाणपण बारा वर्षांत बदलू शकते. रेलिंग काढता येते. सागाच्या खांबांचे घर एकदा मलबा झाले की परत उभे राहत नाही. तिकडे मे २०२५ मध्ये सुपर कॉरिडॉर या रस्त्यावर मेट्रोचा पहिला तुकडा सुरू झाला. आराखड्यात राजवाडा आणि बडा गणपती इथे जमिनीखालची स्थानके आहेत. ती होतील तेव्हा जुन्या शहरात गाडीने येण्याची गरज वाढेल की कमी होईल? स्थानकाचे दार कुठल्या गल्लीत उघडेल? रस्त्याची रुंदी ठरवणारे आणि मेट्रोची दारे ठरवणारे एका टेबलाभोवती बसले नाहीत, तर एकाने कापलेले घर दुसऱ्याला नको असेल आणि त्याला शेजारचे हवे असेल.

तुम्ही म्हणाल, एवढे घरोघर कोण फिरणार? याच शहराचा २०१७ पासून वर्षानुवर्षे स्वच्छतेत देशात पहिला नंबर आला तो घरोघर फिरूनच. ओला कचरा वेगळा, सुका वेगळा हे एकेका स्वयंपाकघरात जाऊन समजावून सांगितले गेले, पुन्हा पुन्हा, न कंटाळता. माझ्या आईने वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी दोन डबे वापरायला सुरुवात केली. ज्या शहराला हे जमले त्याला एका पट्ट्यातल्या तीन-चारशे घरांत जाऊन, जिना कुठे आहे, चौक कुठे आहे, कोण भाड्याने राहतो, कोण अंथरुणाला खिळले आहे, हे लिहून घेणे जमणार नाही असे मी मानत नाही.

तेव्हा मागणी सरळ आहे. पुढच्या कुठल्याही रस्त्याची निशाणे लावण्याआधी त्या पट्ट्याचा एकास दोनशे मापाचा नकाशा करा. त्या मापात ओटलाही दिसतो आणि जिनाही. तो मोहल्ल्याच्या देवळात, मशिदीत, शाळेच्या भिंतीवर तीन महिने लावून ठेवा, आणि आठवड्यातून एक संध्याकाळ तुमच्यापैकी कुणीतरी पेन्सिल घेऊन त्याच्यासमोर बसा. लोक येतील, बोट ठेवून चुका दाखवतील, भांडतील, मग चहा पाजतील. रेघ दोन फूट इकडे सरकवली तर कुणाचा जिना वाचतो, हे तिथेच कळेल. जिथे सरकवता येणार नाही तिथे तेही तोंडावर सांगा. इथली माणसे ‘नाही’ हे उत्तरही ऐकून घेतात. दार बंद करून ठरवलेले मात्र ती विसरत नाहीत.

आमच्या गल्लीतल्या सत्तावीस घरांचा असा नकाशा मी निवृत्तीनंतर फावल्या वेळात काढला आहे. टेप धरायला भाच्यांना राबवले. उंबऱ्यांच्या उंच्या पाण्याची नळी लावून घेतल्या आहेत, म्हणजे एखाद्या इंचाची चूक असेल. ट्रेसिंगवर आहे, प्रत काढून देता येईल. कुणाला पाठवणार असाल तर सकाळी अकरानंतर पाठवा, त्या वेळी बाजारात माल उतरवून झालेला असतो आणि गल्लीत चालता येते. मी ओटल्यावर असेन, म्हणजे जिथे ओटला होता तिथे.

आपली,
जुन्या इंदुरात नकाशे काढणारी एक रहिवासी